टेबलावरचं उदगीर

आमच्या सैन्यात गवळणी आहेत. डोक्यावर मडकं, कमरेवर हात, अंगावर हिरवंगार लुगडं आणि लढाईशी आपला काडीचाही संबंध नाही, असा चेहरा. दिवाळीच्या आधी पुण्याच्या कुंभारवाड्यात किल्ल्यावर मांडायची चित्रं विकायला येतात, त्या ढिगातून त्या नांदेडला आल्या. आमच्याबरोबर टेबलावर लढाया खेळणाऱ्या वकिलांची बहीण कसब्यात राहते. तिला निरोप होता, ‘मावळे मिळतील तितके पाठव.’ तिनं घासाघीस करून मिश्र माल उचलला आणि भाऊबीजेला खोक्यात भरून आणला. त्यात मावळे होते, भालदार होते, तोफा होत्या. पण वाघही होता, विहीर होती, मारुती होता आणि गवळणी तर भरपूर होत्या. परत कुठं पाठवणार?

सरांनी मार्ग काढला. सर म्हणजे कंधारचे, हायस्कुलात इतिहास शिकवून निवृत्त झालेले. ते म्हणाले, ‘अठराव्या शतकातली कुठलीही फौज घ्या, लढणाऱ्यांच्या मागं न लढणाऱ्यांची गर्दी असायचीच. बाजारबुणगे. ह्या बुणग्यांत घ्या.’ तेव्हापासून गवळणी छावणीत उभ्या असतात. पुढं असं निघालं, की ह्या खेळाच्या परदेशातल्या नियमपुस्तकातही छावणी आणि छावणीतली माणसं यांची वेगळी सोय आहे. शत्रू आत घुसला तर छावणी लुटता येते. आमच्या गवळणी दोनदा लुटल्या गेल्या. मडकं एकीचंही फुटलं नाही.

तोफा ओढायला पोळ्याचे बैल आहेत. पोळ्याला कुंभाराकडून घेतलेल्या मातीच्या बैलजोड्या पूजा झाली की फळीवर जातात आणि पुढच्या पोळ्यापर्यंत तिथंच धूळ खातात. कुणाचं शिंग मोडतं, कुणाचं वशिंड टवकतं. असे सगळे निवृत्त बैल गोळा केले. तोफेला घोडा जुंपायचा ही कल्पना सिनेमातली. दख्खनच्या काळ्या मातीत जड तोफ ओढायचं काम बैलांनीच केलं. त्यामुळं एक शिंग नसलेला, गळ्यात पिवळ्या रंगाच्या घुंगरांचा ठिपका उरलेला आमचा बैल हा अख्ख्या टेबलावरचा सगळ्यात अस्सल ऐवज आहे, असं सरांचं मत. मावळ्याच्या मानानं तो जरा हत्तीएवढा दिसतो, तेवढं सोडलं तर.

ह्या खेळाचं खरं शास्त्र तिकडं युरोपात आणि अमेरिकेत वाढलं. तिथं अठ्ठावीस मिलिमीटर उंचीचे शिशाचे नाहीतर प्लास्टिकचे सैनिक मिळतात आणि माणसं भिंगाखाली त्यांच्या ढालीवरची चिन्हं रंगवतात. १८२४ मध्ये प्रशियाच्या सैन्यात फोन राइसविट्झ नावाच्या अधिकाऱ्यानं नकाशा, ठोकळे, फासे आणि मध्ये एक पंच अशी युद्धाची तालीमच सुरू केली होती. पण खेळ म्हणून तो घरात आणला एच. जी. वेल्सनं. परग्रहावरून येणाऱ्या स्वाऱ्या लिहिणारा तोच वेल्स. १९१३ मध्ये त्यानं ‘लिटल वॉर्स’ हे पुस्तक काढलं आणि बारापासून दीडशे वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी ते आहे, असं मुखपृष्ठावरच जाहीर करून टाकलं. जमिनीवर सैनिक मांडायचे, पायदळानं एका चालीत एक फूट जायचं, घोडदळानं दोन फूट. तोफ खरीच, स्प्रिंगची. लाकडी गोळी उडवून समोरचा सैनिक पाडायचा. बड्या लढाया किती मूर्खपणाच्या असतात हे कळायला छोट्या लढाया खेळा, असं त्याचं म्हणणं. पुढच्याच वर्षी पहिलं महायुद्ध सुरू झालं. म्हणजे पुस्तक फारसं कुणी वाचलेलं दिसत नाही.

आम्ही ज्या नियमांवर खेळतो ते १९९० चे, इंग्लंडातले. नाव लॅटिन आहे, ते आमच्यात एकट्या वकिलांना धड उच्चारता येतं. दोन्ही बाजूंना फक्त बारा-बारा तुकड्या, दोन फुटांचं चौकोनी रण, आणि तासाभरात निकाल. चार तुकड्या गमावल्या आणि समोरच्यानं तितक्या गमावल्या नसल्या, की हरलात. पुस्तकाचं इंग्रजी मात्र असं आवळून लिहिलेलं, की एका वाक्यात तीन अपवाद आणि दोन परंतुकं. वकिलांना ते फार आवडतं.

यातली खरी मेख म्हणजे चालीचा फासा. आपली पाळी आली की आधी फासा टाकायचा. जितके ठिपके पडतील तितक्याच हालचाली करता येतात. सहा पडले तर सेनापती सिकंदर. एक पडला तर बारातली एक तुकडी, नाहीतर एकमेकींना चिकटून उभा असलेला एकच घोळका हलतो आणि उरलेल्या, शत्रू नाकासमोर आला तरी, तहसील कचेरीतल्यासारख्या जागच्या जागी. आदेश निघाला, पोचला नाही. पोचला, कळला नाही. शाळेत लढाई शिकवताना ‘अमक्यानं डाव्या बाजूनं हल्ला चढवला’ असं एका दमात सांगतात. तो हल्ला चढवायला निघालेल्या माणसाचा निरोप्या वाटेत कुठल्या विहिरीवर पाणी पीत बसला होता, हे ह्या एका ठिपक्यानं मला जितकं समजलं तितकं कुठल्या बखरीनं नाही.

म्हणूनच आमच्यात पहिला नियम ठरला तो पुस्तकात नाही. कुंभारवाड्याच्या खोक्यात सिंहासनावर बसलेले शिवाजी महाराजही आले होते. ते टेबलावर मांडायचे नाहीत. कारण साधं आहे : फासा एक पडला तर? महाराज टीव्हीच्या वरच्या फळीवर असतात आणि तिथून आमचे डावपेच बघतात. त्यांच्या नजरेखाली एखाद्यानं फारच गचाळ चाल केली, की बाकीचे काही न बोलता नुसते फळीकडं बघतात.

माणसांचे स्वभाव टेबलावर लपत नाहीत. लातूरचे डॉक्टर हाडांचे. दिसलं की कापायचं, ही सवय. पहिल्या चालीत घोडदळ सोडतात, दुसऱ्या चालीत ते संपतं, तिसऱ्या चालीपासून ते फाशाला शिव्या देतात. नांदेडचे शेठ खत-बियाण्याचे दुकानदार. आयुष्यभर उधारी वसूल केल्यामुळं त्यांना घाई म्हणून नाही. टेकडीवर जाऊन बसतात. ‘काय करायलात शेठ?’ म्हटलं तर, ‘पेरणी झाली, आता वाट बघायलोय.’ वकील लढाईपेक्षा लढाई थांबवण्यात वाकबगार. कुठली तुकडी कुठल्या तुकडीला नेमकी किती अंशात भिडली, यावर ते अर्धा तास घालवतात आणि तेवढ्यात समोरच्याचा जोश उतरतो. सर पंच. त्यांचा निकाल अखेरचा, आणि निकालाच्या आधी पाच मिनिटांचं व्याख्यान.

डॉक्टरांची पुतणी नीटच्या तयारीला त्यांच्याकडं राहते. लातूर पॅटर्नमध्ये दहा मिनिटांची सुटी मिळाली की ती दारात उभी राहून बघते. एकदा डॉक्टर फासा फुंकून, कपाळाला लावून टाकत होते. ती म्हणाली, ‘काका, मागच्या वेळी काय पडलं ते फाशाला आठवत नसतंय. एक पडायची शक्यता दर वेळी सहात एक.’

‘फाशाला आठवत नसंल,’ डॉक्टर म्हणाले, ‘मला आठवतंय ना!’

नांदेडकरांना एक गुर्मी आहे. १७०८ मध्ये गुरू गोविंदसिंगांनी जिथं देह ठेवला ते हे गाव. होळीनंतरच्या होला मोहल्ल्याला हल्लाबोल होतो, तेव्हा नगाऱ्यांच्या दणदणाटात घोडे आणि नंग्या तलवारी घेतलेली माणसं रस्त्यानं खरोखर धावत सुटतात. ते लहानपणापासून पाहिलेल्या शेठचं म्हणणं असं, की घोडदळाचा हल्ला म्हणजे काय ते आम्हाला विचारा, तुम्ही लातूरवाल्यांनी आयुष्यात फक्त क्लासला धावणारी पोरं बघितली. यावर डॉक्टर औशाचं नाव काढतात.

औशाचा किल्ला लातूरहून वीसेक किलोमीटरवर. तो काही डोंगरावर नाही. उलट खोलगट जागी आहे. आजूबाजूची जमीन चढी. त्यामुळं दुरून येणाऱ्या फौजेला किल्ला जवळपास दिसतच नाही, पण किल्ल्यातल्या सगळ्यात उंच जागी उभ्या असलेल्या माणसाला ती फौज कितीतरी लांबून दिसते. सह्याद्रीतले किल्ले छाती काढून उभे असतात, आमचा मान खाली घालून बसलेला. मला हा मराठवाड्याचा स्वभावच वाटतो, पण ते असो. प्रश्न असा आला, की हे टेबलावर करायचं कसं? फ्रिजच्या खोक्यातला थर्माकोल कापून टेकड्या करणं सोपं. खड्डा करायला टेबल कापावं लागतं. डॉक्टरांनी सुरी आणलीही होती. वहिनींनी ती काढून घेतली. मग सगळं रणच पुस्तकांच्या थप्प्यांवर दोन इंच उचललं आणि मध्ये भोक ठेवून किल्ला खाली बसवला. त्या थप्प्यांत नीटची जीवशास्त्राची पुस्तकं गेल्यानं तो डाव अर्ध्यावर आवरावा लागला.

झाडांना तुरीच्या वाळक्या फांद्यांचे शेंडे, शेतांना गोणपाट, अंतर मोजायला शिंप्याची टेप. नदीला निळ्या साडीचा फॉल. गोदावरी असली तर रुंद, मांजरा असली तर उभा चिरून अर्धा. खेळ नांदेडला असला की मध्यंतराला तहारी, लातूरला असला की सुशीला. चुरमुऱ्यांची सुशीला खाताना चार दाणे रणात सांडले तर ते उचलायचे नाहीत. सरांच्या निकालानुसार ती खडकाळ जमीन, घोडदळाचा वेग अर्धा. मध्येच लाईट गेली तर रात्र झाली असं समजायचं, आणि मोबाईलच्या उजेडात समोरच्याला न दिसेल अशा बेतानं एखादी तुकडी दोन बोटं पुढं सारायची. ही फसवणूक मानली जात नाही. रात्रीचा छापा मानला जातो.

भातवडीवरून मात्र खरं भांडण झालं. भातवडीची लढाई १६२४ ची, आताच्या अहिल्यानगरजवळची. एका बाजूला मोगल आणि आदिलशहा यांच्या एकत्र फौजा, दुसऱ्या बाजूला निजामशाहीचा मलिक अंबर, आणि त्याच्याकडून लढणारे शहाजीराजे आणि शरीफजी भोसले. शरीफजी तिथंच पडले. समोरच्यांचं बळ मोठं होतं. अंबरानं तलावाचा बांध फोडला, शत्रूच्या तळाभोवती पाणी आणि चिखल करून टाकला आणि दमलेल्या, रुतलेल्या फौजेवर छापा घातला. टेबलावर हे झकास जमतं. निळ्या फॉलची गुंडाळी सोडायची, की वाटेतल्या सगळ्या तुकड्या रुतल्या.

शेठ अंबर होते. वाट बघून बघून नेमक्या वेळी त्यांनी गुंडाळीला हात घातला. डॉक्टरांनी तो धरला.

‘तळं फोडायचं नाही.’

‘कामून? इतिहास हाय!’

‘असू द्या. आम्ही मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलेली माणसं. लातुरात बसून कुणी तळं फोडताना मी बघणार नाही.’

२०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेनं पाणी आलं होतं. टँकरखाली लावलेल्या घागरींची रांग तिथं प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर आहे. क्षणभर कुणी हसलं नाही. मग सरांनी निकाल दिला, की अंबरानं बांध फोडावा, पण पाणी पुढच्या पाझर तलावात अडवावं. त्या डावात मोगल जिंकले.

आमचा मुख्य डाव उदगीरचा. शुद्ध नियमांनी बघितलं तर १७६० सालची ही लढाई ‘मध्ययुगीन’ यादीत बसत नाही, तिकडच्यांचं मध्ययुग त्याच्या तीनेकशे वर्षं आधी आटोपतं. आमच्या शाळेत ते पेशवाईपर्यंत चालायचं आणि सरांनी ते जन्मभर तसंच शिकवलं, त्यामुळं विषय संपला. सदाशिवरावभाऊ एका बाजूला. दुसऱ्या बाजूला सलाबतजंग आणि त्याचा भाऊ निजाम अली. उदगीरची लढाई म्हणायचं, पण निजामाची फौज उदगीरहून लढत लढत धारूरच्या रोखानं सरकत होती आणि मराठ्यांनी तिला औशाच्या आसपास शेवटची गाठली, ३ फेब्रुवारीला. म्हणजे लातूर जिल्ह्यातल्या पोरासोरांना एसटीच्या थांब्यांनी पाठ असलेला सगळा मुलूख.

पंचाईत एकच. निजाम व्हायला कुणी तयार नसतं. आमच्या घराघरात १७ सप्टेंबर १९४८ ची, निजामाच्या राजवटीतून सुटल्याची आठवण आहे. त्याच्या आधीचे दिवस सांगताना ज्यांच्या आजीचा आवाज बदलायचा अशी ही माणसं. त्यांना काही तुम्ही ‘हा निजाम वेगळा, तो सातवा, आणि भातवडीवाली निजामशाही तर आणखी वेगळी’ असं सांगून भागत नाही. चिठ्ठ्या टाकाव्या लागतात. ज्याच्या नावानं निघते तो वैतागून खुर्ची ओढतो, ‘मी येडा हाव का’ वगैरे म्हणतो आणि हिरवे फेटे रंगवलेली पेटी स्वतःकडं घेतो.

आणि मग अर्ध्या तासात बघावं. तोच माणूस मान खाली घालून आपली तुकडी वाचवायला धडपडत असतो. ‘माझे’ घोडेस्वार, ‘माझ्या’ तोफा. समोरच्याच्या फाशावर एक पडला की खुर्चीतून उठून टाळी. सरांना याचं मुळीच नवल वाटत नाही. त्यांच्या मते निजामाच्या फौजेत होतं तरी कोण? रावरंभा निंबाळकर, सिंदखेडचे जाधव अशी नामांकित मराठा घराणी निजामाची मनसबदार होती. ‘आपले खापरपणजे भाऊच्या बाजूनं होते असं धरून चाललात ते कशावरून? मुलूख निजामाचा, सारा निजामाचा. भाकरी तिकडचीच असणार.’ यावर खोलीत शांतता पसरते आणि प्रत्येकजण आपापलं आडनाव मनात तपासतो.

गारद्यांची तर आणखी गंमत. इब्राहिमखान गारदी आधी निजामाकडंच होता; फ्रेंचांच्या पद्धतीनं तयार झालेलं पायदळ आणि तोफखाना घेऊन तो पेशव्यांकडं आला आणि उदगीरला जुन्या धन्यावरच त्यानं तोफा डागल्या. आमच्याकडं गारद्यांच्या तुकड्या आधी हिरव्या पेटीत रंगवून झाल्या होत्या. त्या भाऊच्या पेटीत गेल्या तेव्हा भगवा रंग हिरव्यावर मारला, पण पोस्टर कलर पातळ होता. बारकाईनं बघितलं तर त्यांच्या फेट्यातून जुना धनी अजून डोकावतो. पुन्हा रंगवायला सरांनी मनाई केली आहे.

एरवी भाऊच जिंकतो. पण एकदा चिठ्ठी वकिलांच्या नावानं निघाली. डॉक्टर भाऊ होते, म्हणजे तिसऱ्या चालीत घोडदळ संपलेलंच. वकील तुकड्या एकमेकींना चिकटवून, बैल मध्ये घेऊन, दर चालीला एकेक बोट औशाकडं सरकत राहिले आणि किल्ल्यात शिरले. भाऊची चौथी तुकडी पडली. टेबलावर निजाम जिंकला. डॉक्टर फळीवरच्या महाराजांकडं बघेनात.

वकिलांनी चहाचा घोट घेतला. ‘उठा डॉक्टर, आभार माना.’

‘कशाचे?’

‘तुम्हाला पानिपतापासून वाचवायलोय.’

हे ऐकून सरच आधी सरळ बसले. कारण हिशोब चुकीचा नव्हता. उदगीरला भाऊ जिंकला, त्याच्या नावाचा डंका वाजला. विजयी फौज परतूरला, म्हणजे आजच्या जालना जिल्ह्यात, मुक्कामाला असताना उत्तरेची मोहीम ठरली. दत्ताजी शिंदे बुराडी घाटावर पडल्याची बातमी आली होती. कुणाला पाठवायचं? जो नुकताच जिंकून आला त्याला. उदगीरनंतर वर्षही पुरं झालं नव्हतं, १४ जानेवारी १७६१ ला पानिपत झालं. भाऊ, विश्वासराव आणि इब्राहिमखान तिघंही गेले.

‘औशाला हरला असता तर भाऊ दिल्लीला कशाला गेला असता?’ वकील म्हणाले. ‘माझ्या अशिलानं एक लाख माणसं वाचवली.’

शेठ म्हणाले, भाऊ नसता तर राघोबादादा गेला असता आणि पानिपतावर दुसरं कुणी मेलं असतं. डॉक्टर म्हणाले, फासा एक पडला नसता तर ही वेळच आली नसती. सर गप्प होते. मग ते निजाम अलीबद्दल बोलायला लागले, आणि पाच मिनिटांत थांबले नाहीत. उदगीरला हरलेला हा माणूस. १७६३ मध्ये राक्षसभुवनला, गोदावरीच्या काठी, पुन्हा हरला. त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर तिथं मारला गेला. १७९५ मध्ये खर्ड्याला, म्हातारपणी, तिसऱ्यांदा हरला. खर्ड्याला तर धड लढाईच झाली नाही, रात्रीच्या घबराटीत फौज किल्ल्यात पळाली. आमच्या नियमांनी तीन डाव, तिन्ही गेले. आणि तरी हैदराबादेला जाऊन राज्य करत राहिला, बिछान्यात मेला. त्याला तीनदा हरवणारी पेशवाई १८१८ मध्ये बुडाली. त्याचा वंश आमच्यावर त्यानंतर एकशेतीस वर्षं होता.

‘आपल्या पुस्तकात गुण कसे मोजतात,’ सरांनी वकिलांना विचारलं, ‘तेवढं जरा परत बघा.’

हरलेल्यानं जिंकलेल्याशी तह करायचा आणि जेवणाचा खर्च द्यायचा, हा आमचा रिवाज. तहाचा मसुदा अर्थातच वकील लिहितात, पाठकोऱ्या कागदावर, कलमवार. डॉक्टरांनी निलंगा राईस कबूल केला, सही केली आणि शेवटच्या नांदेड गाडीच्या गडबडीत विषय राहून गेला. खऱ्या उदगीरच्या तहात मराठ्यांना ६० लाखांच्या आसपास उत्पन्नाचा मुलूख मिळाला होता. दौलताबाद, बऱ्हाणपूर, असीरगड, विजापूर अशी मोठी नावं. पानिपत झाल्यावर निजाम अलीनं तो तह गुंडाळून ठेवला, पुण्यावर चाल केली आणि १७६३ मध्ये पुणं लुटलं. डॉक्टरांना हे सगळं ठाऊक आहे. राईसचं नाव काढलं की ते तारखांसकट सांगतात.